आत्याचा मान आणि पिआचेंझा

इटलीच्या उत्तरेला पो नदीच्या काठावर पिआचेंझा नावाचं एक जुनं शहर आहे. मी ते पाहिलेलं नाही आणि पाहण्याची फारशी इच्छाही नाही, पण जवळजवळ तीन वर्षं मी त्या शहरावर जळत होते. माणूस माणसावर जळतं, शेजारीण शेजारणीच्या फ्रीजवर जळते. मी मात्र पन्नाशीला टेकलेली, यवतमाळच्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवणारी बाई, एका अख्ख्या शहरावर जळत होते, त्याच्या चौकातल्या दोन काशाच्या घोड्यांसकट.

कारण सरळ आहे. माझा एकुलता एक भाऊ तिथे नोकरीला गेला आणि तिथलाच होऊन बसला. तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहावीत होता आणि मी नुकतीच नोकरीला लागले होते. त्याचा डबा, त्याची फी, त्याच्या प्रगतिपुस्तकावरची सही हे सगळं माझ्याकडे आलं आणि त्या गडबडीत माझं लग्न राहून गेलं. त्याबद्दल मी रडत बसले नाही. पण "भावासाठी किती केलंस गं" असं कोणी म्हटलं की बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पुढे तो इंजिनिअर झाला, पुण्याला गेला, वणीची मुलगी सांगून आली ती त्यानं केली, आणि दोघं जे उडाले ते थेट पिआचेंझाला. त्या शहराभोवती मालाची भलीमोठी गोदामं आहेत. कोणता खोका कोणत्या ट्रकात चढायचा हे ठरवणारे कॉम्प्युटर माझा भाऊ सांभाळतो.

पहिल्याच महिन्यात भावजयीचा फोन आला. आवाजात नुसतं कौतुक सांडत होतं.

"ताई, या गावाच्या नावाचा अर्थ माहीत हाये का तुमाले?"

इतिहासाच्या बाईला हे विचारणं म्हणजे कुरापतच. पण तिनंच सांगून टाकलं.

"आवडेल असं! म्हंजे मनाले बरं वाटेल असं. आमच्या घरमालकीणबाईनं सांगतलं."

नंतर मी मोबाईलवर शोधलं. शोधताना मनात हीच आशा, की घरमालकीणबाई चुकली असेल. चुकली नव्हती. रोमन लोकांनी पो नदीच्या काठावर नवी वसाहत केली आणि तिला प्लासेंतिया हे नाव दिलं. जे रुचतं, आवडतं, सुखावतं त्यासाठीचा त्यांच्या भाषेतला शब्द घेऊन शकुन म्हणून ठेवलेलं नाव. गावात तेव्हा आवडण्यासारखं काही नसणार. चिखल, डास आणि पलीकडून टपून बसलेले शत्रू. वसवून वर्ष व्हायच्या आत लढाई दारात आली. तरी त्यांनी नाव ठेवलं ते 'आवडेल' असंच.

मला हे फार लागलं. आमच्या यवतमाळच्या नावाचा अर्थ कोणी डोंगरांची रांग सांगतं, कोणी आणखी काही सांगतं. म्हणजे आमच्या पूर्वजांनी मान वर केली, समोर दिसलं ते म्हटलं आणि कामाला लागले. कोणाला आवडावं म्हणून आम्ही नाव ठेवलं नाही. आणि तिकडे बघा, माझा भाऊ जन्मायच्या दोन हजार वर्षं आधीच त्या लोकांनी गळ टाकून ठेवला होता. माझा भाऊ जाऊन अडकला. दारव्हा रोडवरचं आमचं घर, पुढचं अंगण, त्यातला कढीपत्ता, हे सगळं त्याला 'चांगलंच आहे' वाटायचं. पिआचेंझा त्याला आवडायचं.

घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहायची. सत्तरी पार केलेली, एकटी, नाकावर चष्मा घसरलेला, बोलायला दणकट. व्हिडिओ कॉलवर ती मागून डोकावायची आणि हात हलवायची. मी पण हलवायचे. तिनं भावजयीला पीठ मळून त्याच्यात चीज आणि पालक भरायला शिकवलं. भावजय मला म्हणाली, "ताई, एकदम तुमच्यासारखी हाये, माया करते आन् रागावते पण." मला कोणी तरी माझी जागा दुसऱ्याला दिल्याचं तोंडावर सांगितल्यासारखं वाटलं. मी विचारलं, ती तुला फोडणी देऊ देते का घरात? तर म्हणे, वासासाठी खिडकी उघडते आणि स्वतःच ताट घेऊन येते. त्या म्हातारीत खोट म्हणून सापडत नव्हती, हा तिचा मोठा दोष.

मग भावजयीला दिवस गेले.

आता माझी पाळी होती. पिआचेंझानं भाऊ घेतला, भावजय घेतली, पण एक गोष्ट त्या शहराच्या बापालाही घेता येणार नव्हती. बाळाचं नाव आत्या ठेवते. बाराव्या दिवशी बारशाला ती पाळण्यात वाकते, बाळाच्या कानात 'कुर्र' करते आणि नाव सांगते, आणि बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. हा मान कोणाला उसना देता येत नाही. भावाला एकच बहीण, आणि मला स्वतःचं मूल नाही. जगात एकाच बाळाचं नाव मी ठेवणार होते.

भावाच्या बारशाला आमची आत्या उमरखेडहून एसटीनं आली होती ते मला लख्ख आठवतं. तीन दिवस आधी आली आणि नाव काही सांगेना. आई विचारायची, आजी विचारायची, बाबा चहाचा कप पुढे करून विचारायचे. आत्या म्हणायची, "नाव आधी तोंडातून काढलं तर त्याचं तेज जाते." आणि पुन्हा पोहे मागायची. मी अकरा वर्षांची, तिच्यामागे घर फिरताना बघत होते. अशी ऐट मी त्यापूर्वी आमच्या घरात कोणत्याच बाईची पाहिली नव्हती. ती ऐट मला हवी होती. बाळापेक्षा जास्त हवी होती की काय, असं आता वाटतं.

मी नाव शोधायला सहा महिने घेतले. सापडलं तेव्हा वहीतसुद्धा लिहिलं नाही, कोणाच्या हाती लागेल म्हणून. तेवढ्यात भावजय फोनवर बोलून गेली, "मालकीणबाई म्हणते, पोरगी झाली तर या गावासारखं नाव ठेवा, सगळ्याईले आवडेल असं." मी म्हटलं, "नाव मी ठेवणार हावो." ती लगेच म्हणाली, "हो ताई, तुमीच तं ठेवणार." पण म्हातारीनं तोंड घातलं होतं ते घातलंच होतं.

मुलगी झाली. भावजयीच्या आईचे गुडघे गेलेले, ती जाऊ शकली नाही. मला कोणी 'ये' म्हटलं नाही. रजा मिळाली असती, पासपोर्टही काढला असता, पण मागून बोलावणं घ्यायची मला सवय नाही. मग बाळाला तेल लावायला आणि अंघोळ घालायला कोण? ती म्हातारीच. भावानं मोठ्या हौसेनं व्हिडिओ पाठवला. टबात माझी भाची, आणि तिच्या मानेखाली म्हातारीचा हात. हात कसा धरायचा ते तिला बरोबर माहीत होतं, म्हणून तर मी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. कुठे तरी चुकेल म्हणून. त्या रात्रीचं माझं जेवण तसंच राहिलं.

नवव्या दिवशी भावाचा फोन.

"ताई, नाव सांगून दे ना. इथं दहा दिवसांच्या आत नोंदवावंच लागते."

"बारसं परवा नाही, तेरवा हाये. बाराव्या दिवशी सांगीन."

"अवं, ऑफिसमधी नाव विचारतात. बिनानावाची नोंद नाही होत."

"कायले नाही होत? इथं पाह्य, दाखल्यावर नावाचा रकाना कोरा ठेवतात. मंग सवडीनं जाऊन नाव टाकून आणायचं. तुह्या स्वतःच्या दाखल्यावर बाबांनी तुले शाळेत घालताना नाव टाकलं."

"ताई, हे यवतमाळ नोहे."

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. मी म्हटलं, ते दिसूनच राह्यलं. दोन दिवस थांबत नसेल तर तुमच्या त्या आवडत्या गावालेच विचारा, नाव काय ठेवायचं ते. आणि फोन ठेवून दिला. खरं तर मला वाटत होतं तो पुन्हा करेल, हातापाया पडेल, भावजय पडेल. आत्यासारखं मी थोडं ताणून धरीन. इटलीतलं एखादं सरकारी टेबल दहा दिवस म्हणजे दहाच दिवस म्हणत असेल, हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही. आमच्याकडे दहा दिवस म्हणजे पुढच्या सोमवारी या. फोन पुन्हा आला नाही, आणि मी पण केला नाही.

बाराव्या दिवशी मी इथे बारसं घातलं. पाळणा शेजारणीकडून आणला, झेंडूच्या माळा सोडल्या, हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवल्या, गल्लीतल्या नऊ-दहा बायका बोलावल्या. पाळण्यात उशीला टेकवून मोबाईल ठेवला. तिकडून पडद्यावर बाळ, आणि बाळाला मांडीवर घेऊन बसलेली कोण, तर म्हातारी. ठेवणीतला मोत्यांचा सर घालून बसली होती.

मी पाळण्यात वाकणार तोच भाऊ म्हणाला, "ताई, रागावू नको. नाव तं परवाच टाकावं लागलं. आमी असं केलं का..."

"सांगू नको," मी म्हटलं.

"ऐकून तं घे."

"मले ऐकायचं नाही. पुन्हा हा विषय काढला तं फोन उचलणार नाही."

मागे बायका उभ्या होत्या, हात तयार ठेवून. मी वाकले, मोबाईलच्या कडेला तोंड नेलं आणि 'कुर्र' केलं. पुढे काही बोलले नाही. सहा महिने जपलेलं नाव दाताखाली धरून ठेवलं. पाठीत बुक्के पडले ते मात्र सगळे माझे मीच खाल्ले. शेजारीण म्हणाली, "काहून वं बाई, नाव तं सांग."

"तिकडचं हाये," मी म्हटलं. "तुमाले म्हणता नाही येणार."

बायकांनी माना डोलावल्या आणि घुगऱ्या खाल्ल्या.

त्यानंतर भावानं एकदा जन्मदाखल्याचा फोटो पाठवला. मी मेसेज उघडला, पण फोटो न पाहताच पुसून टाकला. नावाचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि म्हातारी पडद्यावर दिसली की मी फोन ठेवून द्यायचे. फोनवर दोघं बाळाला चिमणी म्हणायचे, मी पण चिमणीच म्हणायचे, आणि मनात ठरवून टाकलं होतं, की कागदावर म्हातारीनं तिच्या गावासारखं काही तरी गोडगोड नाव लिहिलंय. प्लासेंतिया नाही तर पिया असलं काही. त्या नावानं दिवसातून किती वेळा ती तिला हाक मारत असेल याचा मी हिशेब करायचे, वर्गात मुलांना नद्या पाठ करायला लावून.

एकदा त्यांनी तिथल्या संग्रहालयातून फोटो पाठवला. तिथल्या एका शेतकऱ्याला फार पूर्वी नांगरताना काशाचं एक विचित्र ढेकूळ सापडलं होतं. मेंढीच्या काळजाच्या, म्हणजे यकृताच्या आकाराचं, वर चौकटी आखलेल्या आणि चौकटींत देवांची नावं कोरलेली. त्यावरून जुने लोक शकुन बघायचे म्हणे. भावजयीनं लिहिलं होतं, मालकीणबाईनं चिमणीला उचलून दाखवलं, चिमणी एकेका नावाकडे बोट करत होती. मी तो फोटो मोठा करून पाहिला. त्यांच्याकडे मेंढीच्या काळजावरसुद्धा नाव लिहायला जागा होती. मला वर्गात हे सांगायचं होतं, इतकी चांगली गोष्ट होती. मी सांगितली नाही. पिआचेंझाची वाहवा माझ्या तोंडून नको.

या डिसेंबरात ते आले. नागपूरला विमान, तिथून गाडी. चिमणी दीड वर्षाची, गालावर लाली, पायात घुंगराचे वाळे, जे मीच पाठवले होते आणि तिनं ते घातले म्हणून मी जरा नरमले. पहिल्या दिवशी ती माझ्याकडे आली नाही. दुसऱ्या दिवशी येऊन माझ्या चपला घालून गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. बैठकीत भावानं मोबाईल लावलेला. म्हातारीला चिमणी बघायची होती, तीन दिवसांत तिचा जीव वरखाली होत होता म्हणे. मी मुद्दाम आत बसले.

आणि बैठकीतून माझ्या नावानं हाक आली.

माझं नाव. शेवटचं अक्षर लांबवून, बाबा अंगणातून मारायचे तशी हाक. मी शेंगांची परात बाजूला सारली, "ओ" म्हटलं आणि बाहेर गेले. मोबाईलमधून म्हातारी पुन्हा तेच नाव घेत होती, आणि चिमणी वाळे वाजवत, दोन्ही हात पसरून मोबाईलकडे धावत होती. म्हातारीनं तिसऱ्यांदा हाक मारली. चिमणीनं पडद्याला तोंड लावलं.

भावजयीचा चेहरा उतरला. ती घाईघाईनं म्हणाली, "ताई, शप्पथ, मी तिले त्या नावानं एकदाबी हाक नाही मारली. तुमचं नाव मी कसं घेऊ? म्हणून तं चिमणी म्हणतो."

मी भावाकडे पाहिलं.

"तू तं दाखला पाह्यला होता ना?" तो म्हणाला. "निळी टिक आली होती. मले वाटलं, जित्या माणसाचं नाव ठेवलं म्हणून तुले राग आला."

मग त्यानं सांगितलं. दहाव्या दिवशी तो ऑफिसात जाऊन बसला होता, नाव नव्हतं, नंबर जवळ आला होता, आणि म्हातारी सोबत होती. तिनं विचारलं, तुमच्यात नाव कोण ठेवतं? तो म्हणाला, माझी बहीण, पण ती रागावली आहे. मग म्हातारी म्हणाली, आमच्यात तर जिचा मान असतो तिचंच नाव मुलीला देतात, तुझ्या बहिणीचं नाव काय? त्यानं सांगितलं. तिनं दोन-तीनदा म्हणून पाहिलं, आणि म्हणाली, चांगलं आहे, आवडेल.

आमच्यात असं करत नाहीत. जिवंत माणसाचं नाव घरातल्या बाळाला कोणी देत नाही. मी चिडायला हवं होतं, आणि थोडी चिडलेही. दीड वर्ष मी ज्या नावावर जळले ते माझंच होतं. पण खरं सांगते, जळणं तेवढ्यानं थांबलं नाही. आता मी त्या पोरीवर जळले. बाबा गेल्यापासून मला नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही. शाळेत मी बाई, गल्लीत ताई, भावाला ताई, भावजयीलाही ताई. माझं नाव पगारपत्रकावर आणि गॅसच्या पुस्तकावर आहे. आणि तिकडे पिआचेंझात रोज सकाळी एक म्हातारी जिन्यात उभी राहून, घसा ताणून, ते नाव घेत होती, आणि कोणी तरी त्याला धावून जात होतं.

"ताई," भाऊ म्हणाला, "तू कोणतं नाव ठरवलं होतं?"

"आठवत नाही," मी म्हटलं.

पडद्यावर म्हातारी चष्मा सारखा करून माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदाच मी तिच्यासमोर पूर्ण उभी होते, हातात तुरीची सालं. तिनं भावाला काही तरी विचारलं. तो म्हणाला, "ते विचारून राह्यली, हीच का ती?"

"हो म्हणून सांग," मी म्हटलं. "आन् तिले म्हण, अजून एक डाव हाक मार."

"कोणाले? चिमणीले?"

"मले."